अपग्रेडनंतर मंदावलेला हलका डेस्कटॉप : दोन जीबी रॅमच्या एका लॅपटॉपचा प्रकरण अभ्यास

यंत्र, काम आणि मूळ मांडणी

या प्रकरणातला लॅपटॉप जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकांचा आहे आणि त्याच्या देखभालीचे काम माझ्याकडे असते. त्यात दोन कोरचा ६४ बिट प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी अडीच इंची हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्राला सुरक्षितपणे वापरात ठेवायचे असेल तर हलकी मुक्त-स्रोत प्रणाली हाच व्यवहार्य मार्ग उरतो. या लॅपटॉपवर तो मार्ग आधीच स्वीकारलेला होता, आणि १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेली डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, एलएक्सक्यूटी या डेस्कटॉपसह त्यावर समाधानकारक चालत होती.

कामाचे स्वरूप साधे पण यंत्राला दमवणारे आहे. जुनी पत्रे आणि हस्तलिखिते स्कॅनरवर एकेक पान ठेवून घ्यायची, वीस-तीस पानांचा गठ्ठा झाला की त्याची एक पीडीएफ बनवायची, आणि हे चालू असतानाच ब्राउझरमध्ये संदर्भ पाहायचे व लिबरऑफिसमध्ये टिपणे लिहायची, असा रोजचा क्रम आहे. देवनागरी टंकलेखनासाठी आयबस हा वेगळा प्रोग्राम चालू न ठेवता कीबोर्डच्या मांडणीतच मराठी इनस्क्रिप्ट बसवलेले आहे. त्यामुळे वेगळी प्रक्रिया सतत मेमरीत राहत नाही. एवढ्या लहान यंत्रावर हा पर्याय मला नेहमीच अधिक योग्य वाटत आला आहे.

मूळ मांडणीत दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या होत्या आणि पुढचे सारे प्रकरण त्यांच्याभोवती फिरते. पहिली गोष्ट झेडरॅमची. रॅम अपुरी पडली की तिच्यातला डेटा तात्पुरता हलवून ठेवण्याची जागा म्हणजे स्वॅप. रॅमचाच एक भाग स्वॅपसारखा वापरायचा आणि त्यात जाणारी मेमरीची पाने, म्हणजे ४ केबीचे तुकडे, दाबून साठवायची, ही कर्नलची, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची, सोय आहे. सामान्य प्रोग्रामांचा डेटा अशा रीतीने बऱ्याचदा निम्म्या किंवा त्याहूनही कमी जागेत मावतो. त्यामुळे २ जीबी रॅम प्रत्यक्षात थोडी अधिक असल्यासारखी वापरता येते. हार्ड डिस्कवरचे स्वॅप विभाजनही ठेवलेले होते, पण कमी प्राधान्याने, म्हणजे झेडरॅम भरल्यावरच त्याला हात लागावा असे. दुसरी गोष्ट कर्नलच्या दोन मूल्यांची. स्वॅपिनेस हे मूल्य मुळात ६० असते, ते वाढवून १५० केले होते, आणि स्वॅपमधून एका वेळी किती पाने आणायची हे ठरवणारे पेज-क्लस्टर मुळात ३ असते, ते ० केले होते. ही दोन्ही मूल्ये तेव्हाच्या रूढ पद्धतीप्रमाणे ईटीसी फोल्डरातल्या सिसीटीएल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेली होती.

स्वॅपिनेसचा अर्थ अनेकदा चुकीचा सांगितला जातो, म्हणून तो येथे स्पष्ट करतो. मेमरी कमी पडू लागली की कर्नलला दोन ठिकाणांहून जागा मिळवता येते. प्रोग्रामांनी स्वतः तयार केलेला डेटा स्वॅपमध्ये टाकता येतो, किंवा डिस्कवरच्या फायलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत सोडून देता येते. प्रोग्रामांचा स्वतःचा कोडसुद्धा या दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण त्याची मूळ प्रत डिस्कवर असतेच. स्वॅपिनेस १०० म्हणजे दोन्ही मार्गांची किंमत सारखी धरणे, त्याहून कमी म्हणजे स्वॅप महाग समजणे, आणि त्याहून अधिक म्हणजे स्वॅप स्वस्त समजणे. कर्नल ५.८ पासून हे मूल्य २०० पर्यंत नेता येते. स्वॅप रॅममध्येच असेल आणि डिस्क फिरती असेल तर स्वॅप निःसंशय स्वस्त ठरते. त्यामुळे १५० हा आकडा या यंत्राच्या घडणीला धरून होता.

अपग्रेड आणि तक्रार

डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. बुकवर्मला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे, म्हणजे घाई करण्याचे कारण नव्हते. पण अभ्यासकांना स्कॅनिंगची आणि लिबरऑफिसची नवी आवृत्ती हवी होती आणि यंत्राचा प्रोसेसर ६४ बिट असल्याने अडथळाही नव्हता. निव्वळ ३२ बिट प्रोसेसर असता तर निर्णय वेगळा झाला असता, कारण ट्रिक्सीमध्ये त्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही दिलेले नाहीत. अपग्रेड रीतसर झाले. बाहेरचे पॅकेज-स्रोत आधी बंद केले, बॅकअप घेतला, सध्याच्या पॅकेजांचे किमान अपग्रेड आणि मग पूर्ण अपग्रेड अशा दोन टप्प्यांनी काम केले, आणि कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही.

तक्रार काही दिवसांनी आली आणि ती दोन प्रकारची होती. पहिली अशी की ब्राउझर आणि लिबरऑफिस यांच्यात ये-जा करताना यंत्र पूर्वीपेक्षा अडखळते आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो. दुसरी अधिक गंभीर होती. स्कॅनिंगचा गठ्ठा मोठा झाला की माऊसचा बाणसुद्धा थांबत थांबत हलतो, आणि एकदा तर स्कॅनिंगच्या प्रोग्रामने जागा शिल्लक नसल्याचा संदेश देऊन पान घेण्यास नकार दिला. त्याच वेळी फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर भरपूर जागा मोकळी दिसत होती.

अभ्यासकांना जाणकार मंडळींकडून मिळालेला सल्ला अपेक्षित असाच होता: नवी आवृत्ती जड झाली आहे, एलएक्सक्यूटी काढून टाका, किंवा डेबियनच सोडून अँटीएक्स, पपी किंवा टायनी कोअर यांपैकी काही बसवा. या तिन्ही प्रणाली चांगल्या आहेत आणि त्यांच्या जागी त्या उत्तम काम करतात. तरीही प्रणाली बदलणे हा निदानाचा पर्याय होऊ शकत नाही. जे यंत्र कालपर्यंत त्याच कामाला पुरत होते ते आज का पुरत नाही, हे कळल्याशिवाय प्रणाली बदलली, तर तोच दोष नव्या ठिकाणी सोबत जाण्याची शक्यता राहते. शिवाय वापरणाऱ्याने नवे मेन्यू, नव्या सवयी आणि नवे प्रोग्राम शिकण्याची किंमत मोजायची, तर ती कशासाठी हे त्याला सांगता आले पाहिजे.

मोजणी

सर्वप्रथम डिस्कचे आरोग्य तपासले, कारण खराब होत चाललेली डिस्क नेमकी अशीच लक्षणे दाखवते. डिस्क स्वतःच्या आरोग्याच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते, त्यांमध्ये बदललेल्या सेक्टरांची आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या शून्य होती. ती शंका तेथेच मिटली.

त्यानंतर फक्त ब्राउझर आणि लिबरऑफिस उघडून, स्कॅनर न वापरता, आयओस्टॅट चालू ठेवला. हा प्रोग्राम प्रत्येक साधनाची वेगळी ओळ दाखवतो, त्यामुळे हार्ड डिस्कवर काय चालले आहे आणि झेडरॅमवर काय चालले आहे हे निराळे पाहता येते. व्हीएमस्टॅट या मेमरीचा आढावा देणाऱ्या प्रोग्राममधले स्वॅपचे रकाने झेडरॅम आणि डिस्क एकत्र मोजतात, म्हणून अशा मांडणीत ते दिशाभूल करू शकतात. येथे दिसलेले चित्र बोलके होते. हार्ड डिस्कवरून सतत वाचन चालू होते, लेखन जवळजवळ नव्हते, डिस्कवरच्या स्वॅप विभाजनाचा वापर शून्य होता आणि झेडरॅम अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. डिस्कवरच्या स्वॅपमध्ये काही गेलेलेच नाही, तरी डिस्क अखंड वाचते आहे, याचा अर्थ एकच निघतो: कर्नल फायलींच्या प्रती आणि प्रोग्रामांचा कोड रॅममधून सोडून देत होता, आणि पुढच्याच क्षणी त्याची गरज पडल्याने तो पुन्हा डिस्कवरून आणत होता. झेडरॅममध्ये जागा असताना ती न वापरता महागड्या मार्गाने जाणे, हे स्वॅपिनेस १५० असलेल्या यंत्राचे वर्तन नव्हे.

कर्नलला विचारले तेव्हा त्याने स्वॅपिनेस ६० आणि पेज-क्लस्टर ३ असे सांगितले. सिसीटीएल डॉट कॉन्फ ही फाइल मात्र जागेवर होती, तिच्यातल्या ओळी जशाच्या तशा होत्या, आणि त्यांत १५० आणि ० हेच आकडे होते.

येथे खुलासा ट्रिक्सीच्या बदलात आहे. या आवृत्तीपासून यंत्र सुरू होताना सिस्टिमडी, म्हणजे प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, ती जुनी फाइल वाचत नाही. वाचली जातात ती सिसीटीएल डॉट डी या फोल्डरातल्या, नावाच्या शेवटी कॉन्फ असलेल्या फायली. पूर्वी त्या फोल्डरातून जुन्या फाइलकडे जाणारा एक दुवा असे, तो आता दिला जात नाही. अपग्रेडने कोणतीही फाइल पुसली नाही, कोणतीही त्रुटी दाखवली नाही, आणि तरीही एक सेटिंग निष्प्रभ झाले. या प्रकारच्या बिघाडाचा शोध सर्वांत कठीण असतो, कारण फाइल उघडून पाहणाऱ्याला सारे काही ठीकच दिसते. त्यात आणखी एक फसगत आहे. सिसीटीएल ही आज्ञा पी या पर्यायाने, फाइलचे नाव न देता चालवली, तर ती आजही तीच जुनी फाइल वाचते. त्यामुळे हाताने तपासणाऱ्याला मूल्ये लागू झालेली दिसतात, यंत्र सुधारल्यासारखे वाटते, आणि पुढच्या रीस्टार्टनंतर दोष परत येतो.

हरवलेल्या दोन मूल्यांपैकी खरे नुकसान स्वॅपिनेसच्या जाण्याने झाले होते. पेज-क्लस्टर ३ म्हणजे स्वॅपमधून एका वेळी आठ पाने आणणे. झेडरॅमसाठी ते अनावश्यक आहे, कारण तिथे शोधायला वेळ लागत नाही आणि मागितलेले एकच पान उघडणे स्वस्त पडते, पण त्यामुळे यंत्र अडखळण्याइतका फरक पडत नाही.

स्कॅनची पाने नेमकी कुठे जात होती

पहिल्या तक्रारीचे कारण सापडले, पण जागा नसल्याच्या संदेशाचे कारण अजून बाकी होते. आता स्कॅनर चालू करून मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फ्री या आज्ञेचा तक्ता पाहत बसलो. पान घेतले की ‘शेअर्ड’ या रकान्यातला आकडा वाढत होता, आणि प्रत्येक पानाला जवळपास सारखाच वाढत होता, सुमारे २६ एमबीने.

हा २६ चा आकडा कुठून येतो ते पाहणे उपयोगी आहे. ए४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या मापाने स्कॅन केले की २,४८० गुणिले ३,५०८ ठिपक्यांची प्रतिमा मिळते, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणून न दाबलेले एक पान २६ एमबीच्या आसपास भरते. या अभ्यासकांचा स्कॅनिंगचा प्रोग्राम पीडीएफ तयार होईपर्यंत प्रत्येक पान अशाच न दाबलेल्या रूपात टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो. बुकवर्ममध्ये हे फोल्डर हार्ड डिस्कवर होते, त्यामुळे पन्नास पाने झाली तरी काही बिघडत नसे.

ट्रिक्सीमध्ये टीएमपी हे फोल्डर आपोआप टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये असते. हा बदल बुकवर्मवरून आलेल्या यंत्रांनाही लागू होतो, मात्र अपग्रेडनंतरच्या पहिल्या रीस्टार्टपासून. त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी असते. ग्राफिक्ससाठी राखलेला भाग वजा जाता या यंत्रावर ती १ जीबीपेक्षा थोडी कमी भरते, म्हणजे रंगीत पाने पस्तीसच्या पुढे गेली की फोल्डर भरते. डिस्कवर कितीही जागा मोकळी असली तरी प्रोग्रामला जागा शिल्लक नसल्याचेच उत्तर मिळणार, आणि ते उत्तर खरे होते. मोकळ्या जागेचा हिशेब देणाऱ्या डीएफ या आज्ञेच्या तक्त्यात टीएमपीसमोर टीएमपीएफएस हे नाव स्पष्ट दिसत होते. फाइल मॅनेजरच्या तळाशी दिसणारी मोकळी जागा घरच्या फोल्डराची होती, टीएमपीची नव्हे.

संदेश येण्यापूर्वीची मंदगती याच कारणातून निर्माण झालेली होती आणि तिची यंत्रणा मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. टीएमपीएफएसमधल्या फायली फ्रीच्या तक्त्यात ‘बफ/कॅश’ या रकान्यातही मोजल्या जातात. हा रकाना म्हणजे हवी तेव्हा रिकामी करता येणारी जागा, असे अनेक जण धरून चालतात. ते फायलींच्या प्रतींच्या बाबतीत खरे आहे, कारण मूळ डिस्कवर असते. टीएमपीएफएसमधल्या पानाचे मूळ मात्र दुसरीकडे कुठेच नसते. ते सोडून देता येत नाही, फक्त स्वॅपमध्ये टाकता येते. म्हणून मेमरी पाहताना ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. त्यात हा भेद लक्षात घेतलेला असतो.

मग स्कॅनचा हा डेटा झेडरॅममध्ये गेला तर काय होते? झेडरॅमसीटीएलच्या तक्त्यात मूळ डेटा आणि दाबलेला डेटा यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. एरवी या दोहोंत मोठे अंतर असते. स्कॅनिंग जसजसे पुढे गेले तसतसे ते अंतर कमी होत गेले, कारण जुन्या कागदाच्या रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळा असतो, कागदाचे तंतू आणि डाग यांमुळे पुनरावृत्ती फारशी नसते, आणि वेगासाठी निवडलेली एलझेड४ ही दाबण्याची पद्धत अशा डेटापुढे हतबल ठरते. न दाबता येणारे पान झेडरॅम जवळजवळ आहे त्याच आकारात ठेवते. म्हणजे रॅममधली प्रतिमा रॅममध्येच दुसऱ्या जागी हलली, प्रोसेसरचे श्रम झाले, आणि मोकळे काहीच झाले नाही. झेडरॅम भरल्यावर उरलेले ओझे हार्ड डिस्कवरच्या स्वॅपवर पडले.

त्या स्वॅपचा वेग काढणे अवघड नाही. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा लागतो, आणि हेड सरकण्याचे सुमारे दहा-बारा मिलिसेकंद धरले तर विखुरलेली वाचने सेकंदाला साठच्या आसपास होतात. एका वाचनात ४ केबीची आठ पाने आली तरी वेग सेकंदाला २ एमबीच्या पुढे जात नाही. स्वॅपमध्ये गेलेला ब्राउझरचा २०० एमबी डेटा परत यायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागेल, आणि बाण थांबत थांबत हलण्याचे कारण हेच होते. पूर्वी स्कॅनची पाने त्याच डिस्कवर सलग लिहिली जात आणि सलग लेखनात ती डिस्क सेकंदाला कित्येक पटींनी अधिक डेटा स्वीकारते. म्हणजे डेटा अखेर त्याच डिस्कवर पोहोचत होता, पण सर्वांत वाईट मार्गाने.

या आकड्यांच्या उजेडात प्रणाली बदलण्याचा सल्ला पुन्हा तपासून पाहिला. एलएक्सक्यूटीऐवजी आइसडब्ल्यूएमसारखा साधा विंडो मॅनेजर घेतला तर रिकाम्या यंत्रावर समजा २०० एमबी वाचले असते. रंगीत स्कॅनची आठ पाने होताच ती बचत संपली असती. एलएक्सक्यूटी ज्या क्यूटी या लायब्ररी-संचावर उभा आहे, त्याचे नव्या आवृत्तीत क्यूटी ५ जाऊन क्यूटी ६ आले आहे, आणि क्यूटी ५ वापरणारा जुना प्रोग्राम सोबत उघडला तर दोन्हींच्या लायब्ररी मेमरीत येतात, ही गोष्ट खरी आहे. पण तिचा वाटा या बिघाडात नगण्य होता. डेस्कटॉपचे वजन सर्वांना दिसते, म्हणून दोष आधी त्याच्या माथी येतो. या यंत्रावर खरे वजन कामाच्या डेटाचे आणि ब्राउझरचे होते.

उपाय आणि त्यांमागचे निर्णय

पहिल्या कारणाचा उपाय सरळ होता. सिसीटीएल डॉट डी फोल्डरात एक छोटी फाइल बनवून तिच्यात दोन्ही मूल्ये लिहिली, प्रत्येकासमोर ते का ठेवले आहे याची एक ओळ टिपणी म्हणून दिली, आणि जुन्या फाइलमधल्या ओळी काढून टाकल्या, म्हणजे पुढे कोणी पाहिले तर गोंधळ होणार नाही. तपासणी आज्ञा चालवून नव्हे तर यंत्र पूर्ण बंद करून, पुन्हा सुरू करून केली. अशा बदलाची तीच एक विश्वासार्ह तपासणी आहे. पेज-क्लस्टर पुन्हा ० करताना एक किंमत मान्य करावी लागली. हे मूल्य साऱ्या स्वॅपला एकच लागू होते, आणि ० ठेवले तर डिस्कवरच्या स्वॅपमधून एका वेळी एकच पान येते, म्हणजे तो आधीच संथ असलेला मार्ग आणखी मंदावतो. डिस्कवरच्या स्वॅपला हात लागण्याची वेळच क्वचित येईल, अशी बाकीची व्यवस्था केली तरच हे मूल्य योग्य ठरते.

दुसऱ्या कारणासाठी तीन पर्याय समोर होते. टीएमपी रॅममध्ये जोडणारे सिस्टिमडीचे युनिट, म्हणजे त्या कामाची सूचना-फाइल, मास्क करून (निष्क्रिय करून) रीस्टार्ट केले की ते फोल्डर पूर्ववत डिस्कवर येते. किंवा त्या युनिटला पूरक फाइल देऊन रॅममधली मर्यादा कमी करता येते. किंवा फक्त स्कॅनिंगच्या प्रोग्रामला त्याचे तात्पुरते फोल्डर दुसरीकडे नेण्यास सांगता येते. मी तिसरा पर्याय निवडला आणि त्याला दुसऱ्याची जोड देऊन मर्यादा निम्म्यावरून पाव केली. कारण टीएमपी रॅममध्ये असण्याचा फायदा या यंत्रालाही होतो: छोट्या, क्षणभर जगणाऱ्या शेकडो फायलींसाठी फिरत्या डिस्कला त्रास द्यावा लागत नाही. दोष या बदलाचा नव्हता. शेकडो एमबीचे ओझे त्या फोल्डरावर पडते, हीच या कामाची खासियत होती.

स्कॅनचे नवे फोल्डर घरच्या फोल्डरातच ठेवले. त्यामागे जागेइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण आहे. टीएमपीमधले काहीही रीस्टार्टनंतर टिकत नाही, आणि अर्धवट राहिलेला तीस पानांचा गठ्ठा वीज गेल्यामुळे नाहीसा होणे म्हणजे नाजूक कागद पुन्हा हाताळणे. जुन्या कागदांच्या बाबतीत हे टाळणे हीच खरी काळजी आहे. ‘व्हार’ फोल्डरातले टीएमपी हे दुसरे तात्पुरते फोल्डर डिस्कवर असते आणि रीस्टार्टनंतरही टिकते, पण नव्याने बसवलेल्या ट्रिक्सीमध्ये तिथल्या ३० दिवस न वापरलेल्या फायली आपोआप काढल्या जातात, म्हणून रेंगाळणाऱ्या कामासाठी तेही योग्य नाही.

अपग्रेडच्या वेळी टीएमपीमध्ये ज्या जुन्या फायली डिस्कवर होत्या त्या आता टीएमपीएफएसच्या खाली झाकल्या गेल्या होत्या. दिसत नाहीत, पण डिस्कवर जागा अडवतात, अशी त्यांची स्थिती होते. मूळ विभाजन बाइंड माउंटने, म्हणजे तेच दुसऱ्या फोल्डरातही जोडून, उघडले की त्या पाहता येतात. तशा पाहून, त्यांत उपयोगाचे काही नाही याची खात्री करून त्या काढल्या.

प्रणालीबाहेरचा एक उपायही तितकाच परिणामकारक ठरला. शाईने लिहिलेल्या साध्या पत्रांसाठी रंगीत स्कॅनची गरज नसते. करड्या छटांत तेच पान पाऊणे नऊ एमबीत मावते, म्हणजे एक तृतीयांशात. शिक्के, रंगीत शाई किंवा कागदाचा पोत महत्त्वाचा असेल तेथेच रंगीत स्कॅन घ्यावा, असे अभ्यासकांशी बोलून ठरवले. इंचाला ६०० ठिपके हे माप घेतले तर सारे आकडे चौपट होतात, म्हणून ते निवडक पानांपुरते ठेवले.

ब्राउझरसाठी फारसे काही करावे लागले नाही. कोणता टॅब किती मेमरी घेतो हे फायरफॉक्स स्वतःच्या प्रोसेसेस पानावर दाखवतो, आणि ते पाहण्याची सवय लागल्यावर जड टॅब बंद करणे अभ्यासकांनी आपणहून सुरू केले. जोडीला अर्लीऊम हा मेमरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवला. उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप हे दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की तो एखादी मोठी प्रक्रिया बंद करतो, म्हणजे सारे यंत्र गोठण्याची वेळ येत नाही. कोणती प्रक्रिया आधी बंद करावी आणि कोणती शक्यतो वाचवावी हे त्याला सांगता येते. येथे ब्राउझरच्या टॅबांना पहिल्या यादीत आणि स्कॅनिंगच्या प्रोग्रामला दुसऱ्या यादीत घातले. टॅब पुन्हा उघडता येतो.

परिणाम आणि पुढची देखभाल

बदलांनंतर तीच मोजणी पुन्हा केली. साध्या वापरात हार्ड डिस्कवरचे अखंड वाचन थांबले आणि झेडरॅम पूर्वीसारखी कामी येऊ लागली. स्कॅनिंगच्या वेळी ‘शेअर्ड’ रकान्यातला आकडा पानागणिक वाढेनासा झाला, आणि मोठा गठ्ठा घेतल्यावरही डिस्कवरचे स्वॅप विभाजन रिकामे राहिले. पीडीएफ तयार होण्याच्या क्षणी यंत्र अजूनही मंदावते, कारण त्या वेळी सारी पाने वाचून दाबावी लागतात आणि दोन कोरच्या जुन्या प्रोसेसरला तेवढा वेळ हवाच. अभ्यासकांना त्याची अडचण वाटत नाही.

देखभालीत एक बदल मी कायमचा केला आहे. यंत्रावरच एक साधी मजकूर-फाइल ठेवली आहे आणि तिच्यात मूळ प्रणालीहून वेगळे केलेले प्रत्येक सेटिंग, ते करण्याचे कारण, आणि ते लागू आहे की नाही हे कर्नलला किंवा सिस्टिमडीला थेट विचारण्याची आज्ञा, अशा तीन गोष्टी लिहिल्या आहेत. प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर या आज्ञा ओळीने चालवायच्या. फाइल जागेवर असणे आणि मूल्य लागू असणे यांत केवढे अंतर पडू शकते, ते या प्रकरणात दिसलेच. डेबियनच्या प्रकाशन-टिपांत टीएमपी आणि सिसीटीएल या दोन्ही बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ही यादी हाताशी असली की त्या टिपा वाचताना आपल्या यंत्राला काय लागू होते ते लगेच ओळखता येते. एरवीची कामे नेहमीचीच आहेत: सुरक्षा-अपडेट वेळेवर घेणे, जुने कर्नल आणि अनाथ पॅकेजे काढणे, स्मार्ट नोंदी अधूनमधून पाहणे. सिस्टिमडीच्या नोंदवहीला डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ४ जीबी, जागा घेण्याची मुभा असते. ती येथे कमी करून ठेवली आहे.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याचा विचार आता पुढे आला आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे, कारण विखुरलेल्या वाचनांत तिचा वेग फिरत्या डिस्कच्या शेकडो पट असतो आणि जुन्या यंत्रावर केलेला दुसरा कोणताही खर्च इतका फळत नाही. त्यानंतर स्वॅपिनेस १५० ठेवण्याची निकड उरणार नाही, आठवड्याला चालणारे ट्रिम, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवण्याचे काम, सुरू आहे की नाही ते पाहावे लागेल, आणि फाइलमधल्या त्या त्या नोंदी बदलाव्या लागतील. स्कॅनचे फोल्डर मात्र आहे तिथेच राहील, कारण रॅम तेव्हाही २ जीबीच असेल.